आज कुठे बघतायत पोरी?

१

ताईच्या खोलीतलं सकाळचं काम ठरलेलं होतं. आधी तिला उशीला टेकवून बसवायचं, मग चहा, मग गोळ्या आणि मग बाहुल्या. गोळ्या राहिल्या तर ताईची काही हरकत नसायची, बाहुल्या राहिलेल्या मात्र तिला चालत नसत. पावडर लावायचा मऊ ब्रश घेऊन मी मांडणीच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि एकेकीच्या केसांवरची, टोपीवरची, चिमुकल्या पर्सवरची धूळ झटकत दुसऱ्या टोकाला जायची. ताई खाटेवरून मुकादमासारखं लक्ष ठेवायची.

"कॉलर राहिली. धाकटे, डोळे कुठे आहेत तुझे?"

"तुझ्या पोरींच्या पायाशी," मी म्हणायची.

या काही कुशीत घेऊन झोपायच्या गुबगुबीत बाहुल्या नव्हेत. या बायका आहेत. दीड वीत उंच, लांब पायांच्या, मेजवानीला निघाल्यासारख्या नटलेल्या. कारखान्यातून निघाल्या तेव्हा साधी खेळणीच होत्या. बहुतेक मुलींनी त्यांचे हातपाय उपटले, केस कापले, बूट हरवले, आणि ज्या थोड्या धड राहिल्या त्यांच्यासाठी आज लोक जीव टाकतात. ताई त्यातलीच. तिनं लग्न केलं नाही, घर बदललं नाही, पण एखाद्या बाहुलीचा मूळचा डावा बूट कुठे मिळतोय असं कळलं की ही बॅग भरून निघालीच. माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले आणि बघता बघता या बायकांची डॉक्टर झाले. गळलेले केस पुन्हा रोवायचे, कानातल्या धातूमुळे गालावर उठलेला हिरवा डाग घालवायचा, विरलेली लेस सांधायची. आता दूरदूरचे लोक आपल्या बाहुल्या माझ्याकडे पाठवतात.

त्या काळच्या या सगळ्या बाहुल्यांची एक खोड आहे. त्या समोर बघत नाहीत. कारखान्यात चेहऱ्यावर साचा ठेवून डोळ्यांचा रंग फवारत, आणि त्या साच्यातच बुबुळं एका कडेला सरकवलेली असत. त्यामुळे मांडणीवर सगळ्या एकजात खिडकीकडे तिरपं बघत उभ्या. "एवढ्या पोरी वाढवल्या," ताई म्हणायची, "पण एक तोंडाकडे बघून बोलेल तर शपथ."

त्या सकाळी ब्रश फिरवत मी शिष्टपाशी आले. काळ्या झग्यातली, ताईची सगळ्यात दुर्मिळ बाहुली. तिच्या नाकाच्या तोऱ्यावरून ताईनंच ते नाव ठेवलं होतं. तिचे डोळे दाराकडे होते.

२

माणसाला आपल्या डोळ्यांपेक्षा आपल्या समजुतीवर जास्त भरवसा असतो. मी शिष्टला आरशासमोर धरलं, उजेडात नेलं, उलटी धरून पाहिली. मग मनाशी म्हटलं की ती पहिल्यापासूनच अशी असेल, रोज बघून बघून माझं बघणंच सुटलं असेल. तसंही चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटत होता. दुपारी जाऊन नवा चष्मा करायला टाकला.

नव्या चष्म्यातूनही ती दाराकडेच बघत होती.

ताईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिचं दुखणं विचित्र होतं. आधी ताप आला, तो गेला, आणि जाताना तिच्या अंगातलं बळ घेऊन गेला. उभं राहता येईना, मग बसता येईना, मग चहाचा कपही जड झाला. रिपोर्ट सगळे स्वच्छ. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, "तसं काही निघत नाहीये." मधे काही दिवस दवाखान्यात ठेवलं, तर तिथून ती आणखीच वाळून घरी आली. मला दुसरं कोणी नव्हतं. आईवडील कधीच गेलेले, मूलबाळ नाही. ताई गेली तर माझ्याशी भांडायलाही कोणी उरणार नाही, हे मला रात्रंदिवस खात होतं.

पण ताईपासून बाहुलीतलं काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. "चष्मेवाल्याला बोलाव," ती म्हणाली.

चष्मेवाला म्हणजे आमच्या धंद्यातला जुना व्यापारी. तो कपाळावर एक चष्मा ठेवतो, नाकावर दुसरा, आणि खिशात भिंग. त्यानं शिष्टला खिडकीशी नेऊन भिंगाखाली कितीतरी वेळ धरलं.

"रंग कारखान्यातलाच," तो म्हणाला. "ब्रशचा एक फटकारा नाही. पण नजर उलटी! साचा उलटा बसलाय, चूक आहे ही कारखान्याची. मॅडम, अशी चूक लाखात एक. तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"अहो, परवा-परवापर्यंत ती बाकीच्यांसारखीच बघत होती," ताई म्हणाली.

चष्मेवाला हसला. आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. "विकायची झाली तर आधी मला सांगा," एवढं बोलून तो गेला. मला त्याच्या हसण्याचा राग आला आणि त्याच्या बोलण्याचा आधारही वाटला. साचा उलटा बसला होता. संपलं.

दुसऱ्या दिवशी शिष्टच्या शेजारच्या दोघीही दाराकडे बघत होत्या.

३

आठवडाभरात सगळ्या मांडणीनं खिडकीचा नाद सोडला. एकदम नाही, एकेक करून. हलताना कधीच दिसायच्या नाहीत. मी मुद्दाम समोर स्टूल टाकून बसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहत राहिले, त्या ढिम्म. पाठ वळवून चहा टाकून यावं तर आणखी एकीची बुबुळं सरकलेली. जुना रंग आकसतो, प्लास्टिक सैल पडतं, हवेतल्या ओलीनं काय काय होतं, ही सगळी कारणं मी एकामागून एक वापरून संपवली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या सारख्या बघत नाहीयेत. दाराजवळच्या टोकाच्या जवळजवळ समोर बघत होत्या. मधल्या तिरप्या. खिडकीकडच्या टोकाच्या तर पार कडेनं. पंगतीत समोर कोणी येऊन उभं राहिलं की सगळे आपापल्या जागेवरून त्याच्याकडे बघतात, तशा.

माझ्याकडे रेशमी दोऱ्याचं रीळ होतं, त्यांच्या झग्यांच्या शिलाईचं. मी एकेकीच्या शेजारी टाचणी टोचली, तिला दोरा बांधला आणि तिच्या नजरेच्या रेषेत ओढत नेऊन समोरच्या कपाटाला चिकटपट्टीनं डकवला. ताई उशीवरून बघत होती.

"कपडे वाळत घालतेस काय?"

"गप्प पड."

सगळे दोरे एकमेकांना एकाच ठिकाणी छेदून जात होते. दाराच्या आत, कपाटाच्या अलीकडे, माझ्या हनुवटीच्या उंचीवर. तिथं काही नव्हतं. मी हात घातला. गोष्टींत असतो तसा गारवा वगैरे लागला नाही. वास नाही, काही नाही. नुसती खोलीतली हवा. तरी तो हात मी नंतर साबणानं धुतला, का ते मला सांगता येणार नाही.

दोरे तसेच ठेवले. सकाळी ते जागच्या जागी होते आणि बाहुल्यांच्या नजरा त्यांना सोडून गेल्या होत्या. नव्यानं दोरे ताणले. या वेळी ते कपाटाच्या बरेच अलीकडे एकत्र येत होते, खाटेच्या पायथ्याच्या दिशेनं.

ताईनं त्या दोऱ्यांच्या गुंत्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. त्या सकाळी तिला पायाची बोटंही हलवता येत नव्हती.

"धाकटे," ती म्हणाली, "माझी खाट जरा तिकडे सरकव."

४

खाट खिडकीकडे सरकवली. संध्याकाळी ताईनं स्वतःच्या हातानं कप धरला.

मला तेव्हा रडू आलं. कितीतरी दिवसांनी हाताला काहीतरी लागलं होतं. औषध म्हणा, वेड म्हणा, मला नावाशी देणंघेणं नव्हतं. ते जे काही होतं ते ताईकडे येत होतं, मुंगीच्या पावलानं, आणि त्या बाहुल्या त्याच्यावरची नजर हलवत नव्हत्या. त्यांना भ्यायचं कारण नव्हतं. घरात त्या एकट्याच काय त्या आमच्या बाजूच्या होत्या.

मग तोच दिनक्रम झाला. डोळे उघडले की ताईचा पहिला प्रश्न, "आज कुठे बघतायत पोरी?" मी मांडणीसमोर उभी राहायची. आता दोऱ्याची गरज उरली नव्हती, नजरेनंच अंदाज यायचा. "टेबलापाशी," मी सांगायची, आणि खाट टेबलापासून लांब ओढायची. खोली मोठी होती. ते आलं की आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात, ते तिकडे वळलं की आम्ही इकडे. खाटेच्या पायांनी फरशीवर ओरखडे उठले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन विचारलं, "रोज सामान का हलवता हो?" मी म्हटलं, बहिणीला एका जागी करमत नाही.

ताई सुधारली. भात मागून घेऊ लागली, वेणी घालू दे म्हणाली, माझ्या कामात नाक खुपसू लागली. मी एका गिऱ्हाइकाच्या बाहुलीला केस रोवत होते तर म्हणते कशी, "भांग कारखान्यानं काढला होता तिथंच काढ, तुझी अक्कल नको लावूस." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला ओरडायचंही विसरले.

एकदा मी घाबरून फार शहाणपणा केला. म्हटलं या खोलीतच ते आहे ना, मग खोलीच बदलू. ताईला उचलून मागच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. तिथं बाहुल्या नव्हत्या. भिंती, दिवा आणि आम्ही दोघी. पंखा फिरत होता, त्याच्या प्रत्येक फेऱ्याला खट् असा आवाज यायचा, आणि तो खट् कुठून येतोय हेच मी ऐकत राहिले. ताईचा हात माझ्या हातात होता. सकाळ व्हायच्या सुमाराला तो सैल पडला. तिला मान धरता येईना.

मी धावत पुढच्या खोलीत गेले. मांडणीवरच्या सगळ्याजणी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीकडे बघत होत्या, आणि भिंतीआड नेमकी ताईची उशी होती.

तिला परत आणलं. दवाखान्यात का ती वाळली ते तेव्हा उमगलं. भिंतींनी त्याला काही फरक पडत नव्हता. पळायचं तर ते कुठे आहे हे तरी कळायला हवं, आणि ते कळायचं फक्त त्या मांडणीपाशी. बाहुल्यांची टोपली घेऊन दवाखान्यात गेले असते तर डॉक्टरांनी माझीच खाट टाकली असती.

५

मग ऊन पडलं.

कित्येक दिवस ढग होते. त्या दिवशी दुपारी अचानक उघडलं आणि पडद्याच्या कडेनं पिवळी पट्टी आत आली. ताईची खाट तेव्हा खिडकीशीच होती. बाहुल्या पार दुसऱ्या टोकाला, दारामागच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. इतकं लांब ते बऱ्याच दिवसांत गेलं नव्हतं.

"पडदा सरकव ना गं," ताई म्हणाली. "अंगावर जरा ऊन येऊ दे. किती दिवस झाले."

मी पडदा सरकवला. ऊन खाटेवर पडलं, ताईच्या पांढऱ्या केसांवर पडलं, आणि सरळ जाऊन मांडणीवर पडलं.

आता ज्याला आमचा धंदा माहीत नाही त्याला हे कळायचं नाही. ऊन म्हणजे बाहुलीचा काळ. एका दुपारीत ओठांचा रंग उडतो, गाल पिवळे पडतात, झगा विटतो. या कामात उमेदवारी करताना माणूस दुसरं काही शिको न शिको, हे शिकतो. दूध उतू जाताना बघून हात आपोआप गॅसकडे जातो ना, तसा माझा हात मलमलच्या चादरीकडे गेला. मी ती मांडणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, कडा नीट खोचल्या. ताईनंही पाहिलं. तीही याच धंद्यातली, तिनं मान डोलावली. "शिष्टचा कोपरा उघडा राहिलाय," एवढंच म्हणाली, आणि मी तोही झाकला.

मग मी कामाच्या टेबलाशी, शेजारच्या खोलीत जाऊन बसले. दार उघडं होतं. ताई गुणगुणत होती. तिला सूर कधीच नव्हता, लहानपणीही ती गायला लागली की आई खिडकी लावून घ्यायची. मी सुईनं केस रोवत होते, एकेक बट, टाळूपासून मानेकडे. उन्हाची ऊब इथवर येत होती. मला वाटलं, होईल. अशीच खाट सरकवत सरकवत वर्ष काढू, दोन वर्षं काढू, काय बिघडलं? माणसं याहून वाईट आजार काढतात.

गुणगुणणं कधी थांबलं ते कळलं नाही. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. मी सुई हातात धरून ऐकत राहिले, आणि मला पांढरी चादर आठवली.

६

मी धावले. आधी ताईकडे बघायला हवं होतं, पण मी आधी चादर ओढली.

सगळ्या खाटेकडे बघत होत्या. खाटेच्या शेजारी नाही, पायथ्याशी नाही. खाटेवर. एकाही बाहुलीची नजर केसभर चुकत नव्हती.

ताई बसली होती. उशीला न टेकता, पाय खाली सोडून, माझ्याकडे अर्धवट पाठमोरी, ताठ. इतके दिवस मी तिला दोन्ही हातांनी उचलून बसवत होते. खिडकीतून अजून उरलेलं ऊन तिच्या तोंडावर येत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती, हात आडवा न धरता.

"ताई?"

तिनं मान वळवली नाही. आधी डोळे आले. कडेला, अगदी कडेला सरकून ते माझ्यावर थांबले. मग सावकाश मान त्यांच्या मागून आली.

"भूक लागली गं," ती म्हणाली.

७

डॉक्टर खूश झाले. "शरीर कधी काय ठरवेल सांगता येत नाही," म्हणाले. ताई चालू लागली, जिने उतरू लागली, बाजारातून पिशव्या घेऊन येऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या सेवेचं फळ." मी हसले. काय करणार होते?

मी तिला तपासलं. लाज वाटत होती, तरी तपासलं. आमच्या शाळेचा रंग विचारला, आईच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणेचं विचारलं, तिच्या पहिल्या बाहुलीचं नाव विचारलं. सगळं बरोबर आलं. मग मी बरणीचा विषय काढला. लहानपणी घरातली काचेची मोठी बरणी ताईनं फोडली होती आणि मार मी खाल्ला होता. ताई ते कधीच कबूल करायची नाही. म्हातारी झाली तरी या बरणीवरून आमची भांडणं व्हायची, "तूच फोडलीस" म्हणून ती शपथा घ्यायची.

"हो, ती मीच फोडली होती," ती शांतपणे म्हणाली. "कोपर लागलं."

एकही चूक नाही. माझी ताई चुका करायची.

तरी मी मन घट्ट करून स्वतःला समजावलं. मरणाच्या दारातून आलेलं माणूस शहाणं होतं, जुनी भांडणं सोडतं. हे काय नवलाचं आहे? एकीकडे हाडामांसाची बहीण, चालती बोलती, जेवती. दुसरीकडे रंगवलेलं प्लास्टिक. कोणावर विश्वास ठेवायचा?

ताई मांडणीपुढून गेली की सगळ्या तिच्याकडे बघत असायच्या. ती खुर्चीत बसली की खुर्चीकडे. ती खाली बाजारात गेली की खालच्या रस्त्याकडे, फरशीतून आरपार.

सकाळी उठल्यावर पोरी कुठे बघतायत हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. धूळ झटकायला सुरुवात केली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

८

"काढून टाकू या सगळ्या," एक दिवस ती म्हणाली. "आजारपणात कळलं बघ. कशाला हवा हा पसारा?"

ज्यानं त्यानं तिचं कौतुक केलं. या वयात असा मोह सुटणं सोपं नाही म्हणाले. चष्मेवाला दोन माणसं आणि मऊ कागदाचे गठ्ठे घेऊन आला. तो एकेकीला हातात घ्यायचा, भिंग लावायचा, आणि दर वेळी त्याच्या कपाळावर आठी पडायची.

"नजरा सगळ्यांच्या वेगळ्या आहेत," तो माझ्या कानाशी म्हणाला. "रंग तर अस्सल आहे. काय भानगड आहे, मॅडम?"

"कारखान्याची चूक असेल," मी म्हटलं.

तोवर ताई त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. खोक्यात उताण्या ठेवलेल्या बाहुल्यांची बुबुळं कागदाच्या फटीतून तिच्याकडे लागलेली होती. ताईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ज्या बाईनं एका बुटासाठी गावं पालथी घातली होती, तिच्या पायाशी खोकी चिकटपट्टीनं बंद होत होती आणि ती पाहुण्याला विचारत होती, "चहा टाकू का?"

शिष्ट तेवढी मी दिली नाही. डाग काढायचा राहिलाय, असं सांगून मी तिला माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलं. ताई कप विसळायला निघून गेली.

काही दिवसांनी चष्मेवाल्याचा फोन आला. त्याचं हसू गेलं होतं. दुकानात बाहुल्या कशाही मांडल्या तरी एकाच भिंतीकडे बघतात, गिऱ्हाइकं बिचकतात, म्हणाला. "त्या भिंतीपलीकडे काही नाही हो. बसचा थांबा आहे आणि पुढे नुसता रस्ता."

मी त्याला कोणती भिंत ते विचारलं नाही. त्याच्या दुकानातून आमचं घर कोणत्या बाजूला येतं ते मला माहीत होतं.

९

आता घरात आम्ही दोघी आणि टेबलावर शिष्ट. ती कुठे बघतेय त्यावरून ताई कुठे आहे ते मला कळतं. न्हाणीघर. गॅलरी. स्वयंपाकघर. ताई भाजी चिरत असते, सुरीचा आवाज येत असतो, आणि शिष्टचे डोळे त्या आवाजावर खिळलेले असतात. हे बघत मी गिऱ्हाइकांच्या बाहुल्यांचे केस रोवते.

माणूस गेलं तर रडता येतं. चार लोक येऊन बसतात, पाठीवर हात ठेवतात, जेवून घे म्हणतात. माझी ताई त्या उन्हाच्या दुपारी गेली, मी पलीकडच्या खोलीत सुई ओवत असताना, आणि हे मी कोणापुढे बोलू? ती तर मला विचारते, चहात साखर घालू का. माझ्या अंगावर शाल टाकते. मी खोकले की काढा करून आणते. ताईनं जन्मात कधी माझ्यासाठी काढा केला नव्हता, तिच्याकडून तो करपायचा. मी तो घेते. चांगला असतो.

ताईची आठवण मला इतकी येते की छातीत दुखतं. आणि जिची आठवण येते ती समोर बसून टीव्ही बघत असते. रोज उठून हे दोन्ही सांभाळायचं बळ माझ्यात नाही. मी म्हातारी होत चालले आहे. मला बहीण हवी आहे.

आज दुपारी मी कापसाची काडी घेतली आणि नखांचा रंग काढायच्या द्रावणात बुडवली. आमच्या कामात याहून मोठं पाप नाही. कारखान्यातला मूळ चेहरा पुसायचा नसतो, डाग असला तरी चालेल, चरा असला तरी चालेल, पण तो पुसला की मागे उरतं ते नुसतं प्लास्टिक, आणि ते पुन्हा कोणालाही जमवता येत नाही. मी शिष्टला डाव्या हातात आडवं धरलं. ती स्वयंपाकघराकडे बघत होती. तिथं नळ वाहत होता.

डावा डोळा पुसला. निळा रंग कापसावर आला, मग काळा. खाली कोरी, गुळगुळीत जागा निघाली. वासानं माझे डोळे चुरचुरले. मी काडी बदलली.

नळाचा आवाज थांबला होता. उजवा डोळा आता स्वयंपाकघराकडे नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, माझ्या पाठीशी असलेल्या दाराकडे.

मी वळले नाही. काडी टेकवली आणि तोही डोळा पुसून टाकला, पापणीच्या रेषेसकट.

"धाकटे," ताईनं अगदी जवळून हाक मारली.

मी ओ दिली.